आरमाराचं लाकूड, रयतेचं झाड

जहाज बांधायचं तर आधी रान हवं. डोलकाठीला उंच, सरळसोट खोड लागतं, बाजूंना जाड तख्ते लागतात, आणि त्यासाठी सागासारखं लाकूड नाही. अंगच्या तेलामुळे साग खाऱ्या पाण्यात टिकतो, त्याला वाळवी सहसा लागत नाही. ओकच्या लाकडात लोखंडी खिळा गंजतो, तसा सागात गंजत नाही.

मराठी आरमाराने हे लाकूड कसं मिळवावं, ते रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या ‘आज्ञापत्रा’त सांगितलं आहे. हा उतारा हल्ली शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून मोबाइलवर फिरतो. पण तो महाराजांच्या अष्टप्रधानांत बसलेल्या अमात्यांनी लिहिलेला आहे. त्यांचं सांगणं असं: रानातला साग हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावायचा नाही, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. जबरदस्ती मुळीच नको. लढाईच्या धामधुमीतलं राज्य झाडाच्या धन्याची संमती मागतं, याचं मला फार मोल वाटतं.

इंग्रजांनी मलबारात याच्या नेमकं उलट केलं. फ्रान्सशी युद्ध पेटलेलं, इंग्लंडात ओकची टंचाई, आणि मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागाची उत्तम जहाजं बांधत होती. (त्यांनी १८१७ मध्ये बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे.) १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसनला वनसंरक्षक नेमलं आणि खासगी जमिनीतल्या सागावरही ईस्ट इंडिया कंपनीने हक्क सांगितला. मग सागाचं रोप कोण कशाला जपेल? तक्रारी एवढ्या वाढल्या, की मन्रो मद्रासचे गव्हर्नर असताना वनसंरक्षकाचं पदच मोडीत काढावं लागलं. पुढे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली यांनी मलबारातल्याच नीलांबूरला साग नव्याने लावून घेतला. त्यांच्या हाताखालच्या चातू मेनन यांनी तिथली रोपं वाढवली. त्यांतले काही साग आजही उभे आहेत.

आज महाराष्ट्रात झाडाच्या धन्यालाही परवानगी लागते: १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर आहेत, तसे आंबा-फणसही आहेत. यांपैकी एखादं झाड स्वतःच्या शेतातलं असलं, तरी ते तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती लागायलाच हवी. पण झाड तोडलं की पैसे आणि राखलं तर काहीच नाही, हा हिशेब बदलल्याशिवाय नुसत्या परवानगीने झाडं वाचणार नाहीत. झाड राखणाऱ्याच्या पदरात सरकारने काहीतरी घालावं.