पानांवरच संपणारा पाऊस

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये सर आली की लोक रस्त्याकडेच्या झाडाखाली धावतात. पहिली काही मिनिटं डोकं कोरडं राहतं, कारण एक-दोन मिलिमीटर पाणी पानं-फांद्याच धरून ठेवतात. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर! त्यातलं बरंचसं तिथूनच वाफ होऊन जातं.

याच राज्यात उत्तरेला, दार्जिलिंगमध्ये, हा हिशेब पिण्याच्या पाण्याचा आहे. शहराचं पाणी सेंचलच्या जंगलातल्या तलावांतून येतं आणि उन्हाळ्यात टंचाई ठरलेली. डोंगरावरचा वारा उंचसखल झाडोऱ्यावर घुसळतो नि ओलावा पळवतो. पानाच्या आतलं पाणी रंध्रांतून जपून निघतं, वरच्या थेंबाला मात्र कुणाचा अडसर नाही. म्हणून भुरभुर जवळजवळ सगळी पानंच गिळतात. महाबळेश्वरच्या जुलैतल्या संततधारेत तेवढं पाणी किरकोळ. पाऊस किती पडला याइतकंच, तो किती तुकड्यांत पडला हेही पाहायला हवं.

धुक्यात गंमत उलटी होते. पानं ढगातलं पाणी गाळून खाली टाकतात, जे उघड्यावरच्या पर्जन्यमापकाला दिसतच नाही. तेव्हा झऱ्यांचा हिशेब करायचा तर झाडांखालीही मापकं मांडावी लागतात, आणि खोडावरून ओघळणारं पाणी वेगळं धरावं लागतं.