दोन लिप्या, एक रुमाल

कार्यालयात दोघांचे पटेनासे झाले की बोट लगेच स्वभावाकडे जाते. एक घाईचा, दुसरा चेंगट. एक तोंडाळ, दुसरा घुम्या. मग जमणार कसे? यावर आता प्रशिक्षणेही निघाली आहेत. ब्रिग्ज आणि मायर्स या अमेरिकन मायलेकींनी तयार केलेली चाचणी माणसांची सोळा प्रकारांत वाटणी करते आणि कोणाशी कसे वागावे हे त्यावरून शिकवले जाते. गंमत अशी, की काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो. एवढ्या हलत्या पायावर सहकार्य उभारण्यापेक्षा कामाची मांडणी तपासावी. आधी मने जुळतात आणि मग काम जमते, असे क्वचितच घडते. पुष्कळदा एकमेकांवाचून काम अडते, म्हणून माणसे एकमेकांना समजून घ्यायला लागतात.

उदाहरणादाखल मराठवाड्यातला देगलूर तालुका घ्या. तो तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना भिडलेला. बोलण्यात भाषांची सरमिसळ आहेच, पण जुन्या महसुली कागदांत ती अधिक दाट. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू, तर गावपातळीवरचे लिखाण बरेचसे मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांमधले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटू लागले. या नोंदींशी जोडलेला मराठा आरक्षणाचा वाद बाजूला ठेवून केवळ कामाकडे पाहू. कोणता रुमाल कुठल्या फडताळात आहे, हे जुन्या कारकुनाला ठाऊक. मोडी आणि उर्दू वाचायला वेगवेगळे जाणकार. पाने स्कॅन करायला संगणकावर बसलेला तरुण. उर्दू लिखाणात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे एकच गावनाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येते. तिथे तलाठीच सांगू शकतो की असे गाव या शिवारात आहे की नाही.

अशा साखळीत स्वभावाचे रूप पालटते. मोडीत ओळ आधी आखून अक्षरे तिला लटकवत, हात न उचलता लिहीत जातात. शब्द कुठे तोडायचा हे संदर्भावरून ठरते. तिथे ज्याला आपण चेंगट म्हणतो, तोच खरा उपयोगाचा. उलट स्कॅनिंगला हात चपळ हवा. दोघांना एकाच मापाने मोजले तर भांडण अटळ. त्याऐवजी शंकास्पद नोंदींची वेगळी वही ठेवली आणि कोणत्या टप्प्यावर कोणाचा शब्द अखेरचा हे आधी ठरवले, तर घाई आणि चिकाटी आपापल्या जागी बसतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते, की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह सुटत नाहीत. बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परांची गरज आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. मोडी वाचणारा रोजंदारीवर असला म्हणून त्याची शंका कायम नोकरीतल्या कारकुनाने उडवून लावली, तर एकाच टेबलावर बसूनही सहकार्य होत नाही.

यावर कोणी म्हणेल, एकाच वळणाची माणसे घेतली तर काम सुरळीत चालते. ठरावीक कामात हे खरे आहे. पण कॅथरिन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गटांना गुन्हेगार ओळखायला दिला होता. बाहेरचा माणूस सामील झालेल्या गटांची उत्तरे अधिक वेळा बरोबर आली, मात्र त्यांना स्वतःच्या निर्णयाची खात्री कमी वाटली. म्हणजे सुरळीत वाटणे आणि बरोबर असणे एक नव्हे. थोडी कुरबुर ही बिघाडाची खूण मानायची घाई नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: काही माणसे मुद्दाम त्रास देतात, त्यांना कोणती मांडणी सुधारणार? कोणतीही नाही. अपमान, अडवणूक, छळ हे स्वभाववैचित्र्य नव्हे, गैरवर्तन आहे. त्याला नियम आणि कारवाई हवी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात अंतर्गत समिती सक्तीची केली, ती याचसाठी. ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हणत गैरवर्तन झाकायचे आणि खऱ्या स्वभावभेदाला मात्र दोष द्यायचा, ही उफराटी सवय मोडायला हवी.

रुमाल पुन्हा बांधला जाईल तेव्हा कोणाचाही स्वभाव बदललेला नसेल. पण गावनावाशी अडलेल्या उर्दूच्या जाणकाराला तलाठ्याकडे वळून विचारण्यात कमीपणा वाटेनासा झाला असेल. कार्यालयाला तेवढे पुरते.