मान्यता कोणाच्या हाती?

पुढाऱ्याला तुरुंगात घातले तर लोक त्याला हार घालतात, हे सरकारांना फार पूर्वीच कळले आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे बोलणी कोणाशी करायची ते आपणच ठरवायचे. मुंबईच्या कापडगिरण्यांत तो जितका उघड दिसला तितका क्वचितच दिसतो. आणि आपल्या भोर-वेल्ह्याची माणसेही त्या गिरण्यांत राबली, म्हणून ती हकीकत इथे सांगतो.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची मेख अशी. एका विभागात एका धंद्याची एकच संघटना ‘प्रातिनिधिक’. वाटाघाटी तिने करायच्या. तिचा करार तिच्या सभासद नसलेल्यांनाही बांधील. ती प्रातिनिधिक कशी ठरते? कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे. सभासदांची नोंद निबंधक तपासतो, आणि शेकडा २५ सभासद भरले की शंभरांच्या वतीने बोलता येते. एक धंदा, एक संघटना हे तत्त्व मला वाईट वाटत नाही. चार संघटना असल्या की मालक त्यांना झुंजवतो, हे मी पाहिले आहे. पण मग निवड कामगाराने करावी ना!

मुंबईत ही मान्यता काँग्रेसच्या छायेतील राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा, अशीही त्यांची मागणी होती. उत्तर ठरलेले: मान्यताप्राप्त संघटना दुसरी आहे. १९८४ साली सामंत लोकसभेवर निवडून गेले, पण संपाच्या वाटाघाटीत त्यांना मान्यतेची खुर्ची मिळाली नाही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला.

माझे वडील त्या संपात वेल्ह्याला परत आले. नाचणीच्या वावरात उभे राहून म्हणाले, “आपला वकील आपण केला, अन् कोरट म्हणतंय, तुमचा वकील दुसराच हाय.”

चर्चेलाही हाच लगाम घालता येतो. भोर तालुक्यातल्या एका कारखान्यात मी कार्यसमितीवर होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी अशा समितीची तरतूद होती. विषयपत्रिका साहेबांच्या खोलीत तयार व्हायची. चहा पातळ, बूट घट्ट, मोरीला पाणी नाही, यावर दोन तास. कंत्राटी कामगारांचा विषय काढला की ‘पुढच्या बैठकीला घेऊ’. बोलायला मनाई कधी झाली नाही. इतिवृत्तात मात्र ते बोलणे उतरत नसे. अशा अकरा बैठका झाल्या. मग आम्ही आपली वेगळी वही घातली, आणि पाळी सुटताना फाटकावर ती वाचून दाखवू लागलो. बाराव्या बैठकीला तो विषय पत्रिकेवर होता. तिसऱ्या क्रमांकाला, बुटांच्या खाली.