फादर लग्न का करत नाहीत?

‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा संसार नवा नसतो. रेव्हरंड टिळक घर माणसांनी भरून टाकत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तो गाडा ओढत. मग वसईचे फादर मात्र बिनसंसारी का, असा प्रश्न पडतोच. टिळक प्रॉटेस्टंट आणि वसईचे फादर कॅथलिक, हे उत्तर खरे असले तरी अर्धेच आहे. युक्रेनमधल्या ग्रीक कॅथलिक गावात फादरांच्या अंगणात त्यांची स्वतःची मुले खेळताना दिसतील, आणि हे फादरही रोमच्या पोपनाच मानतात.

म्हणजे कॅथलिक फादरांचे ब्रह्मचर्य हा श्रद्धेचा सिद्धांत नाही, तो चर्चने केलेला कायदा आहे. सिद्धांत बदलत नाही, कायदा बदलता येतो. या विषयावरचे सगळे वाद या एका फरकाभोवती फिरतात.

ज्याला पहिला पोप मानतात त्या पेत्राच्या सासूचा ताप येशूने बरा केल्याची कथा शुभवर्तमानात आहे. सासू होती म्हणजे लग्न झालेले होते. बिशप एकाच बायकोचा नवरा असावा, असे तिमथ्याला लिहिलेले पत्र सांगते. सहाव्या शतकातल्या पोप होर्मिस्डसचा मुलगा सिल्व्हेरियस पुढे स्वतः पोप झाला.

बंधने मात्र त्याआधीच सुरू झाली होती. साधारण ३०५ साली स्पेनमधल्या एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने विवाहित धर्मगुरूंना पत्नीपासून दूर राहायला सांगितले. ३८५ मध्ये पोप सिरिसियसने तोच आग्रह धरला. वेदीवर बळी अर्पण करणारा पुरोहित शुद्ध असावा ही त्यामागची धारणा होती. येशू स्वतः अविवाहित होता आणि मन विभागलेले नसावे असे पौलाने लिहिले होते, याचाही आधार घेतला जाई.

पुढे मालमत्तेचा प्रश्न आला. मध्ययुगात चर्चकडे जमिनी होत्या. फादरांना मुले झाली की चर्चची जमीन आणि पद दोन्ही घराण्यात मुरत. आपल्याकडच्या वतनासारखेच ते. अकराव्या शतकातल्या सुधारणावादी पोपांना ही वतनदारी मोडायची होती. १०७४ मध्ये सातव्या ग्रेगरीने विवाहित धर्मगुरूंविरुद्ध कडक फर्मान काढले, तेव्हा जर्मनीतल्या धर्मगुरूंनी त्याला उघड विरोध केला. अखेर ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने गाठ पक्की केली. तोवर फादरांचे लग्न नियमबाह्य असले तरी लग्न मानले जाई. आता ते लग्नच नाही, असे ठरले.

मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये कॅथरिना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केले आणि प्रॉटेस्टंटांची वाट वेगळी झाली. कॅथलिकांनी १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत जुना नियम कायम ठेवला. प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी हवी, असेही तिथेच ठरले. लहान वयापासून या जीवनाची तयारी करून घेण्याची व्यवस्था त्यातून उभी राहिली.

पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चेसचा रिवाज वेगळा आहे. तिथे विवाहित माणूस फादर होऊ शकतो, पण फादर झाल्यावर लग्न करता येत नाही. पत्नी वारली तर दुसरे लग्न नाही, आणि बिशप अविवाहितांतूनच निवडतात. केरळचे सिरो-मलबार चर्च पौर्वात्य असूनही तिथले फादर ब्रह्मचारीच असतात.

आजचा पाश्चात्त्य चर्चचा कायदा १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. फादर होण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण हवीत. गुरुदीक्षेत उमेदवार वेदीसमोर पालथा पडतो आणि बिशपच्या हातांत हात देऊन आज्ञापालनाचे वचन देतो, ते पाहणाऱ्याला वाटते की ब्रह्मचर्याची शपथही आत्ताच झाली. ती त्याआधीच, डीकन ही फादरपणाच्या आधीची दीक्षा घेताना झालेली असते. धर्मप्रांताचे फादर वचन देतात. जेजुइटांसारखे संघीय फादर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. त्यामुळे धर्मप्रांताच्या फादरांच्या नावावर घर असू शकते, व्रतस्थ जेजुइटाच्या नसते.

बाकीचे नियमही कमी नाहीत. ठरलेल्या प्रहरांच्या प्रार्थना रोज म्हणायच्या. परवानगीशिवाय व्यापार करायचा नाही, राजकीय पक्षात पुढे व्हायचे नाही. पापनिवेदनात ऐकलेले फोडले तर बहिष्कार, आणि तो उठवण्याचा अधिकार फक्त रोमला. पंचाहत्तरी गाठली की पॅरिशच्या फादरांनी राजीनामा बिशपपुढे ठेवावा. नुसते कोर्टात जाऊन लग्न नोंदवले, तरी पद त्याच क्षणी जाते. रीतसर सुटका हवी असेल, तर ब्रह्मचर्यातून मोकळे करण्याचा अधिकार एकट्या पोपना आहे.

कायदा असल्याने त्याला अपवादही आहेत. १९६७ मध्ये सहाव्या पॉलने ब्रह्मचर्याच्या बाजूने परिपत्रक काढले, आणि त्याच वर्षी विवाहित पुरुषांना कायमचे डीकन होण्याची वाट खुली केली. कॅथलिक होणाऱ्या विवाहित अँग्लिकन पाद्र्यांना १९८० नंतर फादर होऊ दिले गेले. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात फादरांअभावी लोकांना महिनोन्‌महिने मिस्सा मिळत नाही म्हणून, तिथल्या विवाहित डीकनांना गुरुदीक्षा द्यावी असे बिशपांच्या सभेने सुचवले. २०२० च्या उत्तरात पोप फ्रान्सिस यांनी त्या सूचनेचा उल्लेखही केला नाही. बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या शाही आयोगाने २०१७ मध्ये म्हटले, की ब्रह्मचर्य हे अत्याचाराचे थेट कारण नाही, पण इतर गोष्टींबरोबर ते धोका वाढवते, तेव्हा ते ऐच्छिक करण्याचा विचार व्हावा. नियम तरीही तसाच राहिला.

फादरपण मात्र कायद्याने काढून घेता येत नाही. फादरांचे काम सोडून संसार मांडलेल्या माणसाला मिस्सा करण्याची मनाई असते. पण रस्त्यात अपघात होऊन कोणी मरणाच्या दारात असेल आणि त्याने पापनिवेदन मागितले, तर ते ऐकून क्षमा देण्याचा अधिकार त्या माणसाकडे आजही आहे. तसे धर्मसंहितेतच लिहिलेले आहे.