रेडिओवर मत मांडायचं असेल तर

रोडपालीत रेडिओ लावला की मुंबईची एफएम केंद्रं लागतात. गाणी वाजतात, शीव-पनवेल महामार्गावरच्या कोंडीची खबर मिळते, निवेदकाच्या गप्पा रंगतात. पण सिडको वसाहतींतल्या मालमत्ता कराचा वाद इथल्या घराघरांत चालतो, त्यावर ठाम राजकीय भूमिका घेऊन कुणी तासभर बोलतंय आणि श्रोते फोन करून त्याच्याशी भांडतायत, असा कार्यक्रम ऐकायला मिळत नाही. अमेरिकेत नेमक्या याच कामातून उजव्या विचारांच्या निवेदकांनी आयुष्यभराची कारकीर्द उभी केली. ती कशी होते, आणि आपल्याकडे का होत नाही?

त्या निवेदकांपैकी रश लिंबॉचा प्रवास पाहा. मिझुरीतल्या छोट्या गावात शाळकरी वयात त्याने स्थानिक केंद्रावर गाणी लावायला सुरुवात केली. पुढे पिट्सबर्ग परिसरात ‘जेफ ख्रिस्टी’ या नावाने काम केलं, नोकऱ्या गेल्या. १९७९ पासून काही वर्षं तो कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाच्या कार्यालयात होता. १९८४ मध्ये सॅक्रामेंटोच्या केंद्राने त्याला राजकारणावर बोलू दिलं, तेव्हा त्याचा जम बसला.

तोवर दोन गोष्टी बदलत होत्या. स्वच्छ आवाजामुळे संगीत एफएमवर गेलं आणि जुन्या मध्यम लहरींच्या केंद्रांना रिकामे तास भरायला बोलणारी माणसं हवी होती. आणि वादाच्या विषयात विरुद्ध बाजूलाही जागा द्यायला लावणारा १९४९ चा नियम ऑगस्ट १९८७ मध्ये रद्द झाला. एकच बाजू तीन तास मांडायची वाट मोकळी झाली. १ ऑगस्ट १९८८ ला लिंबॉचा कार्यक्रम ५६ केंद्रांवरून देशभर सुरू झाला. पैशाचं गणित साधं होतं: केंद्राने कार्यक्रम घ्यायचा आणि बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं वितरकाला द्यायची. लहान गावातल्या केंद्रालाही हे परवडे, म्हणून असा आवाज झपाट्याने पसरला.

आपल्याकडे वाट नियमापाशीच अडते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ ला सांगितलं. पुढे खासगी एफएम आलं, पण बातम्या आणि चालू घडामोडी वगळून. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा दिली. हवामान, वाहतूक, परीक्षा, खेळ यांना बातमी न मानण्याची सवलतही त्यातच आली. सामुदायिक रेडिओही या बंधनातून सुटलेला नाही.

तरी कुणी थोडं पुढे सरकतं. २०१७ मध्ये आरजे मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर विडंबनगीत केलं. शिवसेनेचे नगरसेवक संतापले, आणि मग तिच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची महापालिकेची नोटीसही आली. हा विषय रस्त्याच्या दुरुस्तीचा होता, पक्षीय विचारांचा नव्हताच.

म्हणून मराठीत उजव्या बाजूचा भाष्यकार रेडिओतून घडत नाही. भाऊ तोरसेकर यांचंच उदाहरण घ्या: अनेक दशकं छापील पत्रकारिता, ‘मार्मिक’चं संपादन, आणि उतारवयात ‘प्रतिपक्ष’ हे यूट्यूब चॅनल. कॅमेऱ्यासमोर एकटा माणूस बोलतो, ही शैली रेडिओचीच आहे. पण यूट्यूबवर आपल्या मताचा माणूस शोधून ऐकला जातो. रेडिओवर फोन लावून ‘तुमचं चुकतंय’ म्हणणारा श्रोता त्याच क्षणी सगळ्यांना ऐकू येतो, आणि मला ती उणीव मोठी वाटते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एफएम खुलं व्हावं, विरुद्ध मताला वेळ देण्याच्या अटीसह, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने खासगी एफएमला दर तासाला १० मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींसाठी द्यावीत, अशी शिफारस केली. लिंबॉ रोज तीन तास बोलायचा. या हिशेबाने इथल्या निवेदकाला तेवढ्या वेळात अर्धा तास मिळेल. मालमत्ता करावरचे चार-पाच फोन त्यात सहज घेता येतील.