४७ टक्के

राहात्यात चार्जर घ्यायला थांबलो होतो. शेजारी साठी ओलांडलेले एक पेरूबागायतदार, नाना, मोबाइल दुरुस्तीच्या पोराला विचारत होते, "काच फुटली नाही, बॅटरी दिवसभर पुरती, आवाज खणखणीत. मग फोन म्हातारा झाला कसा रं?"

फोन २०१७चा. कंपनीने अँड्रॉइड ७ नंतर पुढचं काही दिलं नव्हतं आणि एकेक अ‍ॅप त्यावर चालायचं बंद झालं होतं. नानांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आठवड्याने मी पुन्हा दुकानात गेलो.

पोराने फोनमध्ये दुसरं सॉफ्टवेअर टाकायचं काम घेतलं होतं, पण मधला आठवडा फोनचं कुलूप निघायची वाट बघण्यात गेला होता. फोन सुरू होताना बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम आधी जागा होतो आणि कंपनीचंच सॉफ्टवेअर आत घेतो. त्याचं हे कुलूप उघडायला काही कंपन्या अर्ज करायला लावतात, वर थांबायलाही लावतात. शिवाय कुलूप निघताना फोनमधलं सगळं पुसलं जातं.

म्हणून पोराने आधी फोटो संगणकावर उतरवले. बाजार समितीच्या पट्ट्या, औषधाच्या बाटल्यांची लेबलं, नातवाचं जावळ. "नाना, एकेक उघडून बघा. एकदा पुसलं की माझ्याही हातात काही राहत नाही." नानांनी चष्मा पुसून एकूणएक फोटो पाहिला. पोरगा थांबला. त्या अर्ध्या तासात दोन गिऱ्हाइकं परत गेली.

दुकानात सोल्डरिंगच्या धुराचा वास होता. नानांनी आणलेल्या पेरूंचा घमघमाट त्यात मिसळला होता.

कुलूप निघालं, तसा पोरगा म्हणाला, "आता सॉफ्टवेअर मारायचं." ते होतं लीनिएज ओएस. सायनोजेनमॉड हा प्रकल्प डिसेंबर २०१६मध्ये बंद पडला, तेव्हा त्याचा खुला कोड घेऊन स्वयंसेवकांनी हे उभं केलं. ते फुकट मिळतं, पण प्रत्येक मॉडेलची फाइल वेगळी. चुकीची फाइल गेली तर फोन डेडही होऊ शकतो. पोराने मॉडेलचं नाव दोनदा ताडून पाहिलं, केबल लावली, आज्ञा टाइप केली.

आकडा चढत गेला आणि ४७ टक्क्यांवर थांबला. नाना पुढे वाकले. "अडकलं?"

"नाही नाना. ४७वरच थांबतं बऱ्याचदा. संगणकाचा तो अंदाज असतो. काम झालं का, ते फोन सांगतो." केबलला त्याने हात लावला नाही. इथेच घाबरून केबल उपटली तर काम अर्धवट राहू शकतं. थोड्या वेळाने फोनवर काम पूर्ण झाल्याचा संदेश आला. संगणक मात्र ४७च दाखवत होता. पहिल्यांदा सुरू व्हायला फोनने दहा मिनिटं घेतली. पडद्यावर अँड्रॉइड ११ उमटलं.

"बँकेचं अ‍ॅप कदाचित चालणार नाही," पोराने सांगितलं. कुलूप काढलेला फोन अशी काही अ‍ॅपं नाकारतात. हे त्याने आठवड्यापूर्वी, काम घेतानाही सांगितलं होतं.

२०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद चौथ्या हिश्श्याचीही नाही. धडधाकट यंत्र केवळ सॉफ्टवेअरअभावी त्या ढिगात जाणं मला अन्याय वाटतो.

तुमच्या कपाटातही असा एखादा फोन असेल. भंगारात देण्याआधी त्यातले फोटो उतरवून घ्या आणि असं काम जाणणाऱ्याला एकदा दाखवा.