खांबावरचे नवलाचे प्राणी

नाशकातला सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल तुम्ही पाहिला आहे का? त्यांचे कोरीव लाकडी खांब बघताना मान दुखली तरी कळत नाही. अशा जुन्या लाकूडकामात आणि देवळांत जगात कुठेच नसलेले प्राणी आढळतात. ते नुसते शोभेचे नसतात. प्रत्येकाला काही काम दिलेले असते.

मकर : तोंड मगरीचे, सोंड हत्तीची, अंग माशाचे. हे गंगेचे वाहन. म्हणजे पाणी आणि भरभराट यांची खूण.

कीर्तिमुख : हे नुसते तोंड असते. गोष्ट अशी, की शंकराच्या क्रोधातून एक भुकेला गण निघाला. खायला काही मिळेना, म्हणून त्याने स्वतःचेच अंग खाल्ले. तोंड तेवढे उरले. शंकराने त्याला दारावर राखण करायला बसवले. म्हणून ते देवळाच्या उंबऱ्यावर दिसते.

शरभ : सिंहासारखा, कधी पंख असलेला. किल्ल्यांच्या दरवाजांवर असतो. म्हणजे शत्रूने जपून राहावे!

यक्ष : आपल्या सातपूरहून पांडवलेणी जवळच आहेत. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात सहा धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया पेलून धरतात. लेणे दगडाचे, पण तुळया हुबेहूब लाकडी घरासारख्या.

यावरून मला एक गोष्ट समजली. जिथे भार, तिथे बलवान; जिथे दार, तिथे राखणदार.

चीन देशातही असेच आहे. तिथे जुन्या घरांवर लाकडात वटवाघळे कोरतात, कारण त्यांच्या भाषेत वटवाघूळ आणि सुख या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू' असाच आहे. छपराच्या टोकाला पाण्यातला एक काल्पनिक प्राणी बसवतात. लाकडी घराला आगीची भीती, म्हणून राखायला पाणी आणणारा!

नाशकात पावसाळ्यात जुने वाडे पडतात. मग कोरीव लाकूड भंगारात, नाहीतर चुलीत जाते. आमच्या नात्यातल्या एका घराची चौकट अशीच वजनावर विकली गेली. तिच्यावर कोणता प्राणी होता, ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही.

म्हणून पालकांना विनंती, की तुमच्याकडे असे जुने लाकूड असेल, तर मोडण्याआधी आम्हां मुलांना एकदा दाखवा. आम्ही त्याचे चित्र काढून याच फळ्यावर लावू.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी